हुकूमशहाचा मृत्यू आणि आपलं हसू : मॉस्को, १९५३



आजचा विषय ऐकायला थोडा विचित्र वाटेल. हुकूमशाहीतल्या सत्तासंघर्षावर विनोदी चित्रपट निघतात. ब्लॅक कॉमेडी म्हणतो आपण त्यांना. म्हणजे पडद्यावर माणसं मरताहेत, मध्यरात्री घरातून उचलली जाताहेत, आणि आपण खुर्चीत बसून हसतोय. हे योग्य आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. असा चित्रपट इतिहासाबद्दल काही खरं सांगू शकतो का, की नुसतीच टिंगल करतो?

या दोन प्रश्नांसाठी मी एक उदाहरण तपशिलात घेणार आहे. आर्मांडो यानुची या स्कॉटिश दिग्दर्शकाचा २०१७ सालचा 'द डेथ ऑफ स्टालिन' हा चित्रपट. फाबियां न्यूरी आणि तिएरी रोबां यांच्या फ्रेंच चित्रकादंबरीवरून तो केला आहे. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी काळजी करू नये, कारण मी चित्रपटापेक्षा त्यामागच्या घटनांबद्दलच जास्त बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढे ते तपासत जाता येईल. भीतीच्या राज्यात सत्य दडपलं जातं असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. दरबारातल्या प्रत्येकाला सत्य माहीत असतं, फक्त ते पहिल्यांदा उच्चारायला कोणी तयार नसतं. माहीत असणं आणि बोलता न येणं यांच्यात जी फट पडते, तिथेच विनोद जन्माला येतो. दिग्दर्शकाने तो वरून चिकटवलेला नसतो. मात्र त्या फटीत माणसं चिरडलीही जातात. जो चित्रपट फक्त फट दाखवतो आणि चिरडलेली माणसं दाखवत नाही, तो आपल्याला फसवतो.

आता घटनांकडे वळू.

लहानपणी आपण सगळ्यांनी अकबर-बिरबलाची एक गोष्ट ऐकलेली आहे. बादशहाचा लाडका पोपट. जो कोणी तो मेल्याची बातमी आणील त्याचं डोकं उडवलं जाईल, असा हुकूम. एक दिवस पोपट मरतो. सगळे नोकर गार पडतात. मग बिरबल जाऊन सांगतो की खाविंद, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, पाय वर करून पडला आहे. शेवटी बादशहाच ओरडतो, म्हणजे मेला! आणि बिरबल म्हणतो, हे आपण म्हणालात, मी नाही. आपण या गोष्टीला हसतो कारण बिरबल चतुर आहे. पण त्या नोकरांचा विचार आपण करत नाही. त्यांच्या दृष्टीने ती भयकथा आहे.

२८ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री स्टालिनने मालेन्कोव्ह, बेरिया, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन या चौघांना मॉस्कोजवळच्या कुंत्सेवो इथल्या आपल्या बंगल्यावर जेवायला नेलं. ही जेवणं कुप्रसिद्ध होती. पहाटेपर्यंत चालायची, प्यावं लागायचं, मालक हसला तर हसावं लागायचं. स्टालिनने आपल्याला नाचायला लावलं होतं, हे ख्रुश्चेव्हने स्वतःच आठवणींत सांगितलं आहे. चित्रपटात यावर एक सुरेख प्रसंग आहे. घरी परतलेला ख्रुश्चेव्ह झिंगलेल्या अवस्थेत बायकोला टिपणं लिहायला सांगतो, की आज कोणत्या विनोदाला साहेब हसले आणि कोणत्याला नाही. बघा, इथे विनोद हीसुद्धा जीव वाचवण्याची तजवीज झाली.

तर त्या रात्री पहाटे चारच्या सुमारास मंडळी उठली. १ मार्चचा दिवस उजाडला. दुपार झाली. स्टालिनच्या खोलीतून काहीच हालचाल नाही. पहारेकरी अस्वस्थ झाले, पण न बोलावता आत जायचं नाही असा शिरस्ता. संध्याकाळी खोलीत दिवा लागला, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुन्हा सामसूम. अखेर रात्री दहा-अकराच्या सुमारास लोझगाचोव्ह नावाचा कर्मचारी टपालाचं निमित्त करून आत गेला. स्टालिन जमिनीवर पडलेला होता, कपडे ओले झालेले, बोलता येत नव्हतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

यापुढच्या तासांबद्दल साक्षीदारांच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. लोझगाचोव्हच्या सांगण्यानुसार बेरिया आणि मालेन्कोव्ह रात्री आले, साहेब झोपले आहेत, कशाला घाबरवता, असं दरडावून निघून गेले. ख्रुश्चेव्हच्या सांगण्यानुसार चौघं आले, पण अशा अवस्थेत त्यांना पाहणं बरं नव्हे म्हणून पहारेकऱ्यांशी बोलून परतले. कोण खरं बोलतंय हा वाद इतिहासकार करत राहतील. पण एका गोष्टीवर सगळ्या हकिगतींचं एकमत आहे. डॉक्टर आले ते २ मार्चच्या सकाळी. एका महासत्तेचा सर्वेसर्वा कित्येक तास वैद्यकीय मदतीशिवाय पडून राहिला.

हा कट होता का? असेलही. पण कट मानायची गरज नाही, हे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला अधिक महत्त्वाचं वाटतं. समजा तुम्ही डॉक्टर बोलावलात आणि साहेब शुद्धीवर आले, तर ते विचारतील, मी अधू झालोय हे जगजाहीर कोणी केलं? आणि डॉक्टर बोलावले नाहीत आणि साहेब गेले, तर बाकीचे विचारतील, याने का बोलावले नाहीत? दोन्हीकडून मान अडकलेली. अशा वेळी सर्वांत सुरक्षित काय, तर सगळ्यांनी मिळून निर्णय घेणं, म्हणजेच कोणीच न घेणं. चित्रपटात बेशुद्ध स्टालिनभोवती ही मंडळी सभेची गणसंख्या पूर्ण आहे का याची चर्चा करतात. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातलं तर्कशास्त्र अगदी पक्कं आहे.

आणि डॉक्टर तरी कुठले बोलावायचे? १३ जानेवारी १९५३ ला, म्हणजे सातच आठवडे आधी, 'प्रावदा'त बातमी आली होती की क्रेमलिनमधल्या नेत्यांना औषधोपचारातून मारण्याचा डॉक्टरांचा कट उघडकीला आला आहे. नऊ डॉक्टरांची नावं होती, त्यांत बहुसंख्य ज्यू. स्टालिनवर वर्षानुवर्षं उपचार करणारे विनोग्रादोव्ह हेही अटकेत होते. त्यांचा एक अपराध असा, की त्यांनी स्टालिनला विश्रांतीचा सल्ला दिला होता. याकोव्ह रापोपोर्ट हे विकृतिशास्त्रज्ञही तेव्हा कोठडीत होते. त्यांनी आठवणींत लिहिलंय की मार्चमध्ये एके दिवशी चौकशी अधिकारी अचानक सौम्यपणे बोलू लागला. अमुक प्रकारचा श्वास कशाचं लक्षण असतं, असं विचारू लागला. आणि चांगले तज्ज्ञ कोण आहेत, म्हणाला. रापोपोर्टनी नावं सांगितली, तर ते सगळे तुरुंगातच होते.

कोणताही पटकथालेखक हे लिहायला धजला नसता, अतिशयोक्ती वाटली असती. पण प्लेटोला याचं नवल वाटलं नसतं. 'रिपब्लिक'च्या आठव्या भागात तो सांगतो की जुलमी राजा राज्याची शुद्धी करतो, पण वैद्याच्या बरोबर उलट. वैद्य शरीरातलं वाईट काढून टाकतो आणि चांगलं ठेवतो. जुलमी राजा शूर, शहाणी, मोठ्या मनाची माणसं वेचून काढून टाकतो आणि उरलेल्यांच्या संगतीत राहतो. मॉस्कोत तर प्लेटोची ही उपमा शब्दशः खरी झाली. काढून टाकलेल्यांत वैद्यच होते.

आणखी एक तपशील. ४ मार्चला जनतेला कळवण्यात आलं की कॉम्रेड स्टालिन मॉस्कोतल्या आपल्या निवासस्थानी आजारी पडले. प्रत्यक्षात ते कुंत्सेवोच्या बंगल्यावर होते. या खोट्याने कोणाचा काय फायदा झाला? फारसा काहीच नाही. खोटं बोलण्याची सवय इतकी मुरलेली होती, की जिथे खरं बोलून चालणार होतं तिथेही खोटंच बाहेर पडलं.

५ मार्चच्या रात्री आठ वाजता क्रेमलिनमध्ये केंद्रीय समिती, मंत्रिमंडळ आणि सर्वोच्च सोव्हिएतचं अध्यक्षमंडळ यांची संयुक्त बैठक भरली. अवघी चाळीस मिनिटं चालली. मालेन्कोव्ह पंतप्रधान, बेरिया पहिला उपपंतप्रधान आणि गृह व सुरक्षा ही दोन्ही खाती एकत्र करून त्यांचा मंत्री, अशी पदं वाटली गेली. बैठक आठ वाजून चाळीस मिनिटांनी संपली. स्टालिन मेला नऊ वाजून पन्नास मिनिटांनी. म्हणजे वारसांची वाटणी झाली तेव्हा वाडवडील अजून श्वास घेत होते. आपल्याकडे घरोघरी अशा गोष्टी घडतात म्हणा, पण इथे वाटणीत एक साम्राज्य होतं. (हशा)

आता चित्रपटाकडे येऊ. इतिहासकारांनी त्यातल्या अनेक चुका दाखवल्या आहेत, आणि त्या आहेतच. स्टालिनच्या मृत्यूच्या वेळी मोलोटोव्ह परराष्ट्रमंत्री नव्हता, १९४९ मध्येच त्याला त्या पदावरून हटवलेलं होतं. मार्शल झुकोव्ह सेनाप्रमुख नव्हता, स्टालिनने त्याला दूर युरलच्या प्रांतात टाकलं होतं. सुरुवातीची ती पियानोवादनाची गोष्ट, म्हणजे रेडिओवरची मैफल साहेबांना आवडली, ध्वनिमुद्रण हवं म्हणाले, आणि झालेलंच नव्हतं म्हणून रातोरात पुन्हा मैफल करावी लागली, ती शोस्ताकोविचच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून आलेली आहे, आणि त्या पुस्तकाच्या अस्सलपणाबद्दलच वाद आहे. सर्वांत मोठा बदल काळाचा. चित्रपटात अंत्यविधी आटोपतो न आटोपतो तोच बेरिया संपतो. प्रत्यक्षात त्याच्या अटकेपर्यंत साडेतीन महिने आणि मृत्यूपर्यंत साडेनऊ महिने गेले.

या सगळ्या चुका मान्य करूनही मला वाटतं, की भीतीची यंत्रणा चित्रपटाने बरोबर पकडली आहे. मोलोटोव्हचं उदाहरण घ्या. त्याची बायको पोलिना झेमचुझिना हिला १९४९ मध्ये अटक झाली. त्याआधी तिला पक्षातून काढण्याचा ठराव आला, तेव्हा मोलोटोव्ह तटस्थ राहिला. मग त्याने स्टालिनला लिहून कळवलं की तटस्थ राहणं ही माझी राजकीय चूक होती, मी तिच्याविरुद्ध मत देतो. हे कागदोपत्री आहे. चित्रपटात काय होतं? मोलोटोव्ह बायकोला देशद्रोही म्हणत असतो, आणि त्याच वेळी बेरिया तिला घेऊन दारात उभा राहतो. बोलता बोलता मोलोटोव्हचा सूर फिरतो. आपण हसतो. पण खऱ्या इतिहासात याच्याही पुढची गोष्ट आहे. स्टालिन गेल्यावर पोलिना सुटून आली आणि मरेपर्यंत स्टालिनवरची निष्ठा तिने सोडली नाही. इथे आपलं हसू थांबतं. भीती माणसाच्या तोंडाला कुलूप लावते हे समजू शकतं, पण ती मनाच्या आत जाऊन बसते आणि तिथे श्रद्धेचं रूप घेते, याचं काय करायचं?

हेगेल म्हणतो की मालकाला दासाकडून मान्यता हवी असते, पण दासाने दिलेली मान्यता ही मान्यताच नसते, कारण त्याला नाही म्हणण्याची मुभा नाही. म्हणून मालक कायम अतृप्त. स्टालिनचं उरलेलं आयुष्य या अतृप्तीत गेलं. टाळ्या कधी थांबत नव्हत्या, आणि म्हणूनच त्या टाळ्यांना काही अर्थ उरला नव्हता. चित्रपटात प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होतो. प्रत्येक हात आधी शेजाऱ्याच्या हाताकडे बघतो आणि मग वर जातो.

प्रतिमांचंही तसंच. १० मार्चच्या 'प्रावदा'त स्टालिन, माओ आणि मालेन्कोव्ह असे तिघंच असलेलं छायाचित्र छापलं गेलं. मूळ छायाचित्र १९५० च्या सोव्हिएत-चीन करारप्रसंगीचं, त्यात बरीच माणसं होती. बाकीची पुसून टाकली, म्हणजे मालेन्कोव्ह वारस दिसेल. चित्रपटात हाच मालेन्कोव्ह आणखी एका चित्राच्या मागे लागतो. स्टालिनबरोबर जशी एक छोटी मुलगी होती, तशी मला माझ्याशेजारी हवी, म्हणतो. ही शोधाशोध पडद्यावर फार मजेशीर आहे.

त्या मुलीची खरी हकीगत मात्र ऐका. १९३६ साली क्रेमलिनमधल्या एका समारंभात बुर्यात-मंगोल प्रजासत्ताकातून आलेल्या गेल्या मार्किझोव्हा या लहान मुलीने स्टालिनला फुलं दिली. त्याने तिला उचलून घेतलं. ते छायाचित्र देशभर लागलं. बालपण सुखाचं केल्याबद्दल नेत्याचे आभार मानणारं. तिचे वडील अर्दान मार्किझोव्ह त्या प्रजासत्ताकाचे शेतीखात्याचे प्रमुख होते. त्यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. वडील जनतेचे शत्रू ठरले, पण मुलीचं छायाचित्र भिंतीवर राहिलंच.

बेरियाचं प्रकरण थोडं थांबून पाहायला हवं, कारण तिथे इतिहास चित्रपटापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. गुप्त पोलिसांचा हा प्रमुख. मार्च १९५३ नंतर सर्वांत वेगाने सुधारणा कोणी केल्या? याने. २७ मार्चला माफी जाहीर झाली, त्यात सुमारे १२ लाख कैद्यांची सुटका झाली, जरी लांब मुदतीचे राजकीय कैदी त्यातून वगळलेले होते. ४ एप्रिलला डॉक्टर निर्दोष असल्याचं जाहीर झालं, आणि आरोपींवर बळाचा वापर करण्यास बंदी करणारा आदेशही निघाला. हे त्याच माणसाकडून, ज्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं छळ चालला होता. याचा अर्थ त्याचं हृदयपरिवर्तन झालं, असा मी घेत नाही. जुनी यंत्रणा कशी चालायची हे त्याला सर्वांत जास्त माहीत होतं, म्हणून ती टिकणार नाही हेही त्यालाच आधी कळलं.

आणि नेमकं त्यामुळेच बाकीचे घाबरले. प्रत्येकाची फाइल त्याच्याकडे होती. २६ जून १९५३ ला क्रेमलिनमध्ये बैठक चालू असताना झुकोव्ह, मोस्कालेन्को आणि इतर सेनाधिकारी आत आले आणि बेरियाला अटक झाली. जनतेला हे कळलं १० जुलैला. डिसेंबरमध्ये बंद दाराआड खटला झाला, आणि २३ डिसेंबरला त्याला गोळी घातली गेली. मुख्य आरोप काय, तर तो परकीय हस्तक होता, ब्रिटिशांचा हेर होता, सत्ता बळकावून भांडवलशाही आणू पाहत होता.

म्हणजे बघा, ज्याच्या खऱ्या गुन्ह्यांची यादी करायला दिवस पुरले नसते, त्याच्यावर खोटा गुन्हा लादला. का? कारण खऱ्या गुन्ह्यांवर इतरांच्याही सह्या होत्या. एकच उदाहरण देतो. हजारो पोलिश युद्धकैदी अधिकाऱ्यांना ठार मारण्याचा प्रस्ताव बेरियाने मांडला, आणि ५ मार्च १९४० ला तो मंजूर झाला. त्यावर स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोटोव्ह, मिकोयान यांच्या सह्या आहेत, आणि कागानोविचची संमती नोंदलेली आहे. सुमारे २२ हजार माणसं मारली गेली. कातिन म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. सोव्हिएत सरकारने ते १९९० साली कबूल केलं. तोवर ते नाझींच्या नावावर होतं. मग १९५३ च्या न्यायालयात हा आरोप कोण ठेवणार?

नंतरची एक गोष्ट तर थेट ब्लॅक कॉमेडीतलीच आहे. सोव्हिएत महाविश्वकोशाच्या पाचव्या खंडात बेरियावर मोठी नोंद होती, चित्रासकट. वर्गणीदारांना टपालाने नवीन पानं आली, आणि सूचना, की जुनी पानं कात्रीने किंवा पात्याने कापून त्या जागी ही चिकटवावीत. नव्या पानांत बेरिंग समुद्रावर भरपूर मजकूर होता. (हशा) वर्णानुक्रमे बेरियाच्या जवळपास बेरिंग येतो ना! पण त्या कोशाच्या मालकाचा विचार करा. एखादा शाळामास्तर आपल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने पुस्तकातलं पान कापतोय. कोणी बघत नाहीये. तरी तो कापतोय.

इथे मी पहिल्या प्रश्नाकडे येतो. याला हसावं का?

हेन्री बर्गसनने १९०० साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं एक निरीक्षण असं, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. ज्याची कणव आली त्याला हसता येत नाही. साध्या विनोदी चित्रपटात ही भूल शेवटपर्यंत टिकते. चांगल्या ब्लॅक कॉमेडीत ती मध्येच उतरते. शस्त्रक्रिया चालू असतानाच शुद्ध यावी तसं. तुम्ही हसत असता आणि पडद्याच्या कोपऱ्यात कोणाला तरी जिन्यावरून खाली नेत असतात. यानुचीने सुरुवातीलाच हे केलं आहे. इकडे मैफलीचा गोंधळ, आणि तिकडे त्याच रात्री त्याच शहरात यादीप्रमाणे घरोघरी अटका. अंत्यदर्शनाला आलेल्या गर्दीवर चित्रपटात गोळीबार होतो. प्रत्यक्षात मॉस्कोतल्या त्रुब्नाया चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी झाली होती, ट्रक आणि पोलिसांनी वाटा अडवल्या होत्या. किती मेले याचा आकडा सरकारने कधी जाहीर केला नाही. तपशील बदलला आहे, पण खोलीतल्या विनोदाची किंमत खोलीबाहेर मोजली जाते, हे दिग्दर्शक विसरलेला नाही.

एक आक्षेप रास्त आहे. इंग्रजी बोलणाऱ्या नटांनी, साठहून अधिक वर्षांनी, सुरक्षित लंडनमध्ये बसून दुसऱ्यांच्या यातनांवर हसू पिकवायचं, हे सोपं आहे. म्हणून ज्यांनी ते भोगलं ते कसे हसले, हे बघू.

पहिलं म्हणजे ते हसत होते. आणि त्याची शिक्षा होती. सोव्हिएत दंडसंहितेच्या कलम ५८ मधल्या दहाव्या पोटकलमाखाली सोव्हिएतविरोधी प्रचार हा गुन्हा होता, आणि विनोद सांगणं त्यात बसवता येई. कैद्यांच्या श्रमांतून खोदलेल्या श्वेत समुद्राच्या कालव्याबद्दल एक विनोद प्रसिद्ध होता. कालवा कोणी खोदला? उजवा काठ विनोद सांगणाऱ्यांनी, डावा काठ ऐकणाऱ्यांनी. जिथे असं आहे तिथे हसणं ही चैन राहत नाही. मला जे दिसतंय ते तुलाही दिसतंय ना, एवढीच खात्री करून घेण्याचा तो मार्ग असतो.

दुसरं, त्यांनीही असे चित्रपट काढले. हंगेरीत पेटर बाचोने १९६९ मध्ये 'साक्षीदार' या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. पेलिकान नावाचा साधा धरणराखणदार. पक्ष त्याला एकामागून एक मोठ्या जागा देत जातो, आणि तो प्रत्येक ठिकाणी गोंधळ घालतो. देशात पिकलेलं पहिलं संत्रं समारंभाच्या वेळी सापडत नाही, कारण मुलाने खाल्लंय, म्हणून लिंबू पुढे केलं जातं आणि सगळे ते संत्रं म्हणून चाखतात. शेवटी कळतं की हे सगळं त्याला एका जुन्या मित्राविरुद्ध खोटी साक्ष द्यायला तयार करण्यासाठी होतं. पाठ करायला दिलेले कागद तो बघतो, तर साक्षीच्या ऐवजी हातात निकालपत्रच आलेलं असतं. साक्षीच्या आधी निकाल! ५ मार्चची ती बैठक आठवा. हा चित्रपट दहा वर्षं लोकांना बघू दिला गेला नाही.

जॉर्जियात तेंगिझ अबुलाद्झेने १९८४ मध्ये 'पश्चात्ताप' या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. एका शहराचा हुकूमशहा मरतो, थाटात पुरला जातो, आणि सकाळी त्याचं प्रेत घराच्या बागेत उभं असतं. पुन्हा पुरतात, पुन्हा बाहेर. ज्या बाईचे आईवडील त्याने संपवले, ती म्हणते की मी याला जमिनीत राहू देणार नाही. हा चित्रपटही गोर्बाचोव्हच्या काळात, १९८७ मध्ये सर्वत्र दाखवला गेला. तेव्हा लाखो घरांतून गप्प बसलेल्या आठवणी बाहेर पडल्या. म्हणजे ज्यांनी भोगलं त्यांना हसण्याने अपमान वाटला नाही. त्यांना अपमान वाटत होता तो गप्प बसवण्याचा.

'द डेथ ऑफ स्टालिन' रशियात २५ जानेवारी २०१८ ला लागायचा होता. दोन दिवस आधी सांस्कृतिक मंत्रालयाने प्रदर्शनाचा परवाना काढून घेतला. स्टालिनग्राडच्या विजयाला ७५ वर्षं पुरी होत असताना असा चित्रपट दाखवणं हा अपमान आहे, असं एक कारण पुढे आलं. मॉस्कोतल्या एका चित्रपटगृहाने तो तरीही दाखवला, तेव्हा पोलीस तिथे पोचले. स्टालिनग्राडला लढलेल्यांच्या हौतात्म्याबद्दल आदर असायलाच हवा. पण चित्रपटात त्या सैनिकांची थट्टा कुठेही नाही. थट्टा आहे ती त्यांच्या नावाने खुर्चीवर बसलेल्यांची. सैनिकांचा मान आणि खुर्चीचा मान यांची सरमिसळ करून देणं, हे कुठल्याही देशातल्या सत्तेला फार सोयीचं असतं.

आता शेवटचा मुद्दा. या सत्तासंघर्षाचं पुढे काय झालं? १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या गुन्ह्यांबद्दल ते प्रसिद्ध बंद दाराआडचं भाषण केलं, स्वतःचा वाटा सोडून. १९५७ च्या जूनमध्ये मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच यांनी त्याला हटवण्याचा प्रयत्न केला आणि ते हरले. ख्रुश्चेव्हने सांगितलंय की कागानोविचने त्याला फोन केला, आणि स्टालिनच्या काळात करायचे तसं आमच्याबाबत करू नका, अशी विनवणी केली. तसं झालं नाही. मोलोटोव्ह मंगोलियात राजदूत म्हणून गेला, मालेन्कोव्ह कझाकस्तानात वीज केंद्र चालवायला. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह स्वतः पडला, तो निवृत्तिवेतन घेऊन घरी बसला. चित्रपटाच्या अखेरीला मैफलीत त्याच्या मागच्या रांगेतून ब्रेझनेव्ह त्याच्याकडे बघताना दिसतो. पण त्याला ब्रेझनेव्हने मारलं नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्यवस्था लोकशाही झाली नाही, निवडणूक आली नाही, पुढेही माणसं तुरुंगात गेली. पण हरलेला माणूस जिवंत राहू शकतो, एवढा एक नियम दरबाराने स्वतःपुरता मान्य केला. ज्यांनी हजारोंना मारण्याच्या यादीवर सह्या केल्या, त्यांनी हा नियम आणला तो दयेपोटी नाही, स्वतःच्या भीतीपोटी. आणि यादीतल्या हजारोंना तो नियम कधी मिळालाच नाही. अंथरुणात मरण्याची मुभा मोलोटोव्हला मिळाली, तो १९८६ पर्यंत जगला. अर्दान मार्किझोव्हना ती मिळाली नाही.

म्हणून तुम्ही असे चित्रपट बघा, आणि हसा. संकोच करू नका. चार्ली चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर' १९४० मध्ये काढला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की छळछावण्यांमधलं खरं भयानक रूप तेव्हा माहीत असतं, तर मला तो काढता आला नसता. त्याचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. पण आपल्याला सगळं माहीत आहे, आणि ते माहीत असूनही हसणं हे वेगळं काम आहे. ते करताना फक्त एवढं विचारत राहा, की हा विनोद ज्या खोलीत चाललाय तिच्या बाहेर आत्ता कोण उभं आहे, आणि दिग्दर्शकाने मला ते दाखवलं का? दाखवलं नसेल, तर घरी आल्यावर आपण स्वतः शोधावं. नावं असतात. गेल्याच्या वडिलांचं नाव मिळालं, तशी बाकीचीही मिळतात.

एवढं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते आता घेऊ.